अकरा महिन्यांचा भाडेकरार

पुण्या-मुंबईस जागा घेऊन ती भाड्याने देणारे आपले सभासद बंधू बहुधा अकरा महिन्यांचा करार करितात. १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक. ती टाळण्याकरिता ही युक्ती निघाली. महाराष्ट्रात मात्र ती आता निरुपयोगी आहे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे, मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदविलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

खरा धोका याहून निराळा आहे. नोंदविलेला करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते! पोत्यापोत्याची नोंद ठेवणारा व्यापारी लाखोंच्या जागेपुरती ती टाळतो, हे नवलच. उलट, राहत्या जागेचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार रीतसर असल्यास कलम २४ अन्वये मुदत संपताच ताबा मागता येतो, व जागा सोडीपर्यंत दुप्पट दराने भरपाईही. भाडेकरूनेही नोंदविलेल्या कराराची प्रत मागून घ्यावी. अनामत रकमेचा आकडा तीत आहे ना, हे आधी पाहावे.