शर्यतीच्या गाडींतील पेट्रोलची पिशवी

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एका पत्र्याच्या पेटीवरून बराच वाद माजला. पुतण्याचा मुलगा मोटारींच्या शर्यतींत उतरण्याच्या ध्यासानें एक जुनी गाडी सजवीत आहे. तिच्या मागल्या भागांत बसविण्यासाठीं त्यानें 'फ्युएल सेल' नांवाची वस्तु आणली. सूनबाईंचा प्रश्न सरळ होता: पेट्रोलचा सांठा मुलाच्या पाठीशीं आणून ठेवण्यांत शहाणपण तें कोणतें? निवाडा मजकडे आला. आयुष्य रूपें घोकून घेण्यांत गेलेल्या मास्तराला प्रथम स्वतः विद्यार्थी होणें प्राप्त झालें.

अमरकोशांत अग्नीला 'आश्रयाश' असें एक नांव आहे. ज्याच्या आश्रयानें राहावें त्यालाच खाणारा! पेट्रोलच्या बाबतींत हें नांव अक्षरशः खरें आहे. उणें चाळीस अंशांच्याहि खालीं त्याची पेट घेण्याजोगी वाफ निघते. ती हवेहून जड असल्यानें तळाशीं पसरते, आणि हवेंत शेंकडा दीड भाग मिसळली तरी एक ठिणगी पुरते.

१९६४ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंत सहा दिवसांच्या अंतरानें दोन भीषण अपघात झाले. २४ तारखेस शार्लट येथें फायरबॉल रॉबर्ट्स भाजला व जुलैंत वारला. ३० तारखेस इंडियानापोलिस येथें एडी सॅक्स व डेव्ह मॅक्डोनल्ड आगींत गेले. विमानांसाठीं रबरी टांक्या बनविणाऱ्या फायरस्टोनसारख्या कारखान्यांनीं मग ती विद्या मोटारींकडे वळविली, आणि १९७० पासून ग्रँड प्रींच्या गाड्यांना अशी पिशवी सक्तीची झाली.

आमच्या नगरला (आतांच्या अहिल्यानगरला) हा विषय अगदींच परका नाहीं. १९९४ सालीं उघडलेल्या येथील रणगाडा संग्रहालयांत पॅटन व सेंच्युरियन हे रणगाडे उभे आहेत. १९६५ च्या युद्धांत एकमेकांशीं भिडलेले हे दोघेहि पेट्रोलवर चालत. पुढच्या पिढ्या डिझेलकडे वळल्या, त्याला आगीचें भय हेंहि एक कारण होतें.

आतां ही वस्तु आहे तरी काय? वीज निर्माण करणाऱ्या हायड्रोजनच्या 'फ्युएल सेल'शीं तिचा नांवापुरताच संबंध. बाहेर लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची पेटी. आंत मजबूत कापडावर रबर चढवून केलेली पिशवी. आणि पिशवींत स्पंजासारखा सच्छिद्र फोम. पत्रा चेपला तर फाटतो, पिशवी चेपली तर वांकते. फोम जागा शेंकडा दोन-तीनच अडवितो. परंतु पेट्रोल हिंदकळूं देत नाहीं, आणि त्याच्या बारीक जाळीमुळें ज्वाळा आंत धांवत नाहीं.

बसवितांना खरी कसोटी लागते. पेटी मागील चाकांच्या मध्यें, सांगाड्याच्या दोन दांड्यांच्या आंत, पोलादी पट्ट्यांनीं आवळावी. चालक व पेटी यांमध्यें धातूची अखंड भिंत हवी. तिच्यांत नळीपुरतेंहि उघडें भोंक राहूं नये. वाफ जाण्याची नळी गाडीबाहेर सोडावी, आणि गाडी उलटली असतां आपोआप मिटणारी झडप तिला असावी. वेग घेतांना पेट्रोल मागें लोटतें, म्हणून शोषणनळीचें तोंड मागल्या बाजूस ठेवतात. स्थिर विजेची ठिणगी पडूं नये म्हणून पेटी सांगाड्याशीं तारेनें जोडावी. नातू म्हणाला, "आजोबा, पिशवी भक्कम असली म्हणजे झालें." तसें नव्हे. २०२० सालीं बहरीन येथें रोमां ग्रोझाँ याची गाडी दुभंगून पेटली. चौकशींत आढळलें कीं पिशवीचें झांकण सरकलें होतें व इंजिनाकडे जाणारी जोडणी उखडली होती. सत्तावीस सेकंदांत तो बाहेर आला, हें त्याचें नशीब व त्याच्या अग्निरोधक पोषाखाची पुण्याई. म्हणून जोडण्या अशा घ्याव्या कीं ओढ बसतांच त्या तुटतील, पण दोन्ही तोंडें मिटतील.

बसविली म्हणजे संपलें, असेंहि नाहीं. फोम कालांतरानें झिजतो, त्याचा भुगा गाळणींत अडकतो आणि ऐन वेगांत इंजिन उपाशी राहतें. आपल्याकडील पेट्रोलांत आतां वीस टक्के इथेनॉल असतें. मद्यार्क फोमचें आयुष्य लवकर संपवितो. यासाठीं वर्षांतून एकदां तरी झांकण उघडून फोम बोटांनीं दाबून पाहावा. चुरा हातीं आला तर बदलावा.

पिशवीलाहि आयुष्य आहे. आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेच्या नियमांप्रमाणें ती निर्मितीपासून पांच वर्षें चालते. निर्मात्यानें पुन्हां तपासून दाखला दिला तर आणखी दोन. हें वाचून मीं चष्मा लावला आणि नातवाच्या पेटीवरील छाप पाहिला. स्वस्तांत मिळालेल्या त्या मालाला नववें वर्ष लागलें होतें! विकणाऱ्यानें ती गोष्ट सांगितली नाहीं, आणि यानें विचारली नाहीं. त्यानंतर दोन दिवस घरांत कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं. त्याचे पैसे शिकवण्यांतून सांठविलेले होते.

नवी पिशवी येईपर्यंत गाडी अंगणांत ताडपत्रीखालीं उभी आहे. बाहेरची पेटी मात्र सुस्थितींत असून तीच पुन्हां वापरतां येईल, असें तो म्हणतो. सूनबाईंनीं ती स्वतः उघडून, कोपरे चांचपून पाहिली आहे.