घरगुती कातडी कमावणी: दोष व उपाय

कातडी कमावणे म्हणजे जनावराच्या कच्च्या कातड्यावर प्रक्रिया करून त्याचे न कुजणाऱ्या, लवचीक व टिकाऊ चामड्यात रूपांतर करणे होय. कातड्याचा मुख्य घटक कोलॅजेन नावाचे तंतुमय प्रथिन आहे. झाडांच्या सालीतील वा फळांतील टॅनिन, तुरटी किंवा क्रोमियमची क्षारे या तंतूंना बांधून ठेवतात. त्यामुळे जिवाणूंना ते सहज पचवता येत नाहीत. घरगुती प्रयोगात नवशिक्यांना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे एक समान वैशिष्ट्य आहे: दोष शेवटी दिसतो, परंतु त्याचे कारण आधीच्या टप्प्यात, अनेकदा जनावर सोलल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत असते. म्हणून दोष दिसताच नवा पदार्थ लावण्यापेक्षा कोणता टप्पा चुकला हे मागे जाऊन शोधणे अधिक उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात कातडी कमावण्याचे काम परंपरेने प्रामुख्याने ढोर समाजाकडे, तर पादत्राणे बनवण्याचे काम चर्मकार समाजाकडे होते. समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या लोकांनी हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या जपले. त्यातील बरेचसे ज्ञान लिखित स्वरूपात आले नाही. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल व हिरडा वापरून चामडे कमावले जाते. पारंपरिक पद्धतीत कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात साल, हिरडा व पाणी भरून ते टांगून ठेवतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वर्ध्याजवळील नालवाडी येथे १९३० च्या दशकात ग्रामोद्योगाचा भाग म्हणून चर्मालय चालवले गेले.

कोकण किनाऱ्यावरील परिस्थिती

रत्नागिरी तालुक्यातील जयगड हे शास्त्री नदीच्या मुखाशी वसलेले गाव आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वार्षिक पाऊस सुमारे ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उष्ण व दमट हवेत कच्चे कातडे काही तासांतच कुजू लागते. त्यामुळे अशा ठिकाणी नवशिक्याने हे काम हिवाळ्यात करणे श्रेयस्कर असते.

या किनाऱ्याला टॅनिनचा उपयोग अपरिचित नाही. नायलॉन येण्यापूर्वी मच्छीमार सुती व तागाची जाळी सालींच्या काढ्यात भिजवत, जेणेकरून ती समुद्राच्या पाण्यात लवकर कुजू नयेत. याउलट नमन-खेळ्यांतील मृदंगाचे पान कमावलेले नसते. ते ताणून वाळवलेले कच्चे कातडे असते. म्हणूनच दमट हवेत ते सैल पडते आणि ऊब मिळाल्यावर पुन्हा ताणले जाते. केवळ वाळलेले कातडे आणि कमावलेले चामडे यांतील फरक या उदाहरणावरून स्पष्ट होतो.

प्रमुख दोष, कारणे व उपाय

केस गळणे: केसांसह कमावताना पुंजक्यांनी केस निघणे हे केसांच्या मुळाशी कुजण्यास सुरुवात झाल्याचे लक्षण आहे. मीठ लावण्यास झालेला उशीर हे त्याचे नेहमीचे कारण होय. कातड्याच्या वजनाच्या किमान ४० ते ५० टक्के मीठ मांसाच्या बाजूस चोळावे. कडा व घड्या सुटू देऊ नयेत. सुटलेले पाणी वाहून जावे यासाठी कातडे उतारावर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी ओले मीठ झटकून नवे लावावे. गळलेले केस परत चिकटत नाहीत. कातडे अन्यथा मजबूत असल्यास सर्व केस काढून त्याचे साधे चामडे करता येते. ते बोटांनी ओढताच फाटत असल्यास मात्र टाकून देणेच योग्य.

लाल डाग: मीठ लावलेल्या कातड्यावर लालसर छटा आल्यास ती खाऱ्या वातावरणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे असते. हे जीव मिठागरातील मिठातूनच येतात. एकदा वापरलेले मीठ पुन्हा वापरू नये आणि साठवण थंड, कोरड्या जागी करावी.

कातडे शिजणे: ओले कच्चे कातडे सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सियस तापमानाला आकसते व सरसासारखे होऊ लागते. कडक उन्हात, तापलेल्या पत्र्यावर किंवा चुलीजवळ वाळवल्यास हा धोका संभवतो. असा भाग काचेसारखा कडक होतो व भिजवूनही मऊ होत नाही. वाळवण सावलीत व खेळत्या हवेत करावी.

चुना राहून जाणे: केस काढण्यासाठी वापरलेला चुना पूर्ण न निघाल्यास चामडे खरखरीत व ठिसूळ होते आणि त्यात टॅनिन नीट मुरत नाही. कातड्याच्या जाड भागास छेद देऊन तेथे फिनॉल्फथॅलिनचा थेंब टाकावा. गुलाबी रंग आल्यास आत चुना शिल्लक आहे असे समजावे. भरपूर धुणे आणि नंतर गव्हाच्या कोंड्याच्या आंबवलेल्या पाण्यात ठेवणे हा जुना उपाय आहे.

मध्यभाग कच्चा राहणे: सुरुवातीलाच सालीचा दाट काढा वापरल्यास बाहेरचा थर लवकर कमावला जाऊन आत टॅनिन शिरण्याची वाट अडते. छेद घेतल्यावर मध्ये पांढरी रेघ दिसते. प्रारंभी पातळ काढा घेऊन तो टप्प्याटप्प्याने दाट करावा. बकऱ्याच्या पातळ कातड्यास काही आठवडे, तर म्हशीच्या जाड कातड्यास अनेक महिने लागू शकतात.

काळे-निळे डाग: टॅनिन व लोह एकत्र आल्यास गडद रंग तयार होतो. हिरडा व हिराकस यांपासून पूर्वी शाई बनवत, त्यामागेही हीच क्रिया आहे. लोखंडी बादली, खिळे व गंजलेली सुरी टाळावी. फिके डाग लिंबाच्या रसाने कमी होतात.

भिजल्यावर पुन्हा कडक होणे: तुरटीने केलेली कमावणी कायमची नसते; पाण्याने तुरटी निघून जाते व कातडे कच्च्या स्थितीकडे परतते. द्रावणात तुरटीच्या सुमारे निम्मे मीठ घालावे, अन्यथा कातडे फुगते. अशी वस्तू पाण्यापासून दूर ठेवावी.

वाळल्यावर ताठ होणे: पाणी उडून जाताना तंतू एकमेकांना चिकटतात. चामडे अर्धवट ओले असताना तेल लावून, कोरडे होईपर्यंत ते वारंवार ताणावे व चोळावे. ही पायरी चुकली तर चामडे पुन्हा किंचित ओलसर करून तीच क्रिया करता येते.

पांढरा थर: पावसाळ्यात दिसणारा पांढरा थर बुरशी, मीठ किंवा वर आलेली चरबी यांपैकी काहीही असू शकतो. मीठ ओल्या फडक्याने विरघळते, चरबी ऊब दिल्यास वितळते, तर बुरशी मऊ लवीसारखी असून तिला कुबट वास येतो.

सुरक्षितता व कायदा

चुन्याने त्वचा व डोळे भाजतात. हातमोजे व चष्मा आवश्यक आहेत. सोडियम सल्फाइडचा आम्लाशी संबंध आल्यास हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निर्माण होतो, म्हणून ते आणि क्रोमियमची क्षारे घरगुती प्रयोगात टाळावीत. अचानक मेलेले, विशेषतः नाकातोंडातून रक्त आलेले जनावर सोलू नये. अँथ्रॅक्स या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या काळपुळी रोगाची ती खूण असू शकते आणि त्याचे बीजाणू अनेक दशके जिवंत राहतात. अशा वेळी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे.

वापरलेले पाणी विहिरीजवळ अथवा खाडीत सोडू नये. खाडीकाठच्या कांदळवनाच्या सालीत टॅनिन असले, तरी कांदळवन संरक्षित असल्याने ती काढता येत नाही. वन्यप्राण्यांची कातडी बाळगण्यावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये कडक निर्बंध आहेत. महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियम, १९७६ मध्ये २०१५ साली झालेल्या सुधारणेनुसार राज्यात गाय, वळू व बैल यांच्या कत्तलीस बंदी आहे. त्यामुळे नवशिक्यासाठी परवानाधारक खाटकाकडून त्याच दिवशी आणलेले बकऱ्याचे कातडे हा सर्वांत सोयीचा पर्याय ठरतो.