फटफटीचा आवाज : सायलेन्सरच्या जुळवणीचे ध्वनिशास्त्र

१

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने मोटारसायकलच्या सायलेन्सरविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. म्हणून या लेखाचे निमित्त आधी सांगणे इष्ट होय. वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात बोलीचे नमुने ध्वनिमुद्रित करीत असता एका वृद्ध बाईंनी जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखविल्या. प्रमाण मराठीतील 'ळ'च्या जागी वऱ्हाडी बोलीत 'य' येतो, 'डोळा'चा 'डोया' व 'काळा'चा 'काया' होतो, हे अभ्यासकांना सुपरिचित आहे. तथापि रिसोडचा परिसर मराठवाड्याच्या सीमेवर असल्याने तेथे या दोन उच्चारांची सरमिसळ कोठे व कशी होते, हा आमच्यापुढील प्रश्न होता. बाईंच्या एका ओवीत असा एक शब्द दोनदा येत होता. पहिल्या वेळी त्यांनी स्पष्ट 'य' उच्चारला. दुसऱ्या वेळी तो शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच सायलेन्सर बदललेली एक मोटारसायकल दारावरून गेली आणि ध्वनिमुद्रणातील अकरा सेकंद वाया गेले. पुढील वर्षी पुन्हा त्या गावी जाईपर्यंत बाई निवर्तल्या होत्या. तो दुसरा उच्चार 'ळ' होता की 'य', हे आता सांगता येणार नाही.

त्या अकरा सेकंदांचा वर्णपट संगणकावर पाहताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. बाईंच्या स्वरतंत्रींच्या स्पंदनांच्या बारीक उभ्या रेघा आणि इंजिनाच्या स्फोटांच्या जाड उभ्या रेघा शेजारीशेजारी उमटल्या होत्या, आणि त्यांची घडण मूलतः एकच होती. मोटारसायकलीचा आवाज ज्या तत्त्वाने घडतो, त्याच तत्त्वाने मनुष्याचा स्वर घडतो. हे तत्त्व विशद करणे, आणि आवाजाचा 'मोठेपणा' व आवाजाचा 'गुण' या दोन भिन्न गोष्टी असून त्यांची गल्लत हेच उपद्रवाचे मूळ आहे, हे दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीने या वाहनाला दिलेले घरगुती नाव 'फटफटी' हे सर्वस्वी त्याच्या आवाजावरून आलेले आहे. बैलगाडी, आगगाडी, मोटारगाडी यांपैकी कोणालाही असे शुद्ध ध्वन्यनुकारी नाव लाभले नाही. ज्याअर्थी मराठी कानाने हे वाहन आवाजावरून ओळखले, त्याअर्थी त्या आवाजाविषयीचे आकर्षण आजचे नव्हे.

अनुकरणवाचक शब्दांची निवडही लक्षणीय आहे. संथ चालणाऱ्या गाडीला आपण 'फटफट' किंवा 'धडधड' म्हणतो. म्हणजे एक अवयव द्विरुक्त करतो. वेगात गेलेल्या गाडीला मात्र 'भुर्र' किंवा 'घर्र' म्हणतो. तेथे द्विरुक्ती नाहीशी होऊन 'र' लांबतो. याचे कारण गणिताने समजते. चार फेरी पद्धतीच्या एका सिलिंडरच्या इंजिनात दर दोन आवर्तनांत एक स्फोट होतो. मिनिटाला १,००० आवर्तनांच्या संथ गतीत सेकंदाला सुमारे ८ स्फोट होतात. हे कानाला सुटे सुटे ऐकू येतात. मिनिटाला ३,००० आवर्तने झाली की स्फोट सेकंदाला २५ होतात. सेकंदाला साधारण वीस आघातांच्या आसपास कान ते वेगळे धरू शकत नाही, त्यांचा एक अखंड नाद बनतो. आता, कंपित 'र'च्या उच्चारात जिभेचे टोक सेकंदाला साधारण २५ ते ३० वेळा थरथरते. म्हणजे 'भुर्र' म्हणताना बोलणाऱ्याची जीभ जवळजवळ इंजिनाच्याच गतीने चालत असते. हे निरीक्षण आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु मोजता येणाऱ्या आघातांना द्विरुक्ती व न मोजता येणाऱ्यांना दीर्घ 'र', ही विभागणी भाषेने योगायोगाने केलेली दिसत नाही.

'सायलेन्सर' या शब्दाचे प्राक्तन मात्र उलट झाले. मूळ अर्थ 'शांत करणारा'. परंतु आज 'गाडीला सायलेन्सर बसवला' असे एखादा तरुण सांगतो, तेव्हा गाडी अधिक आवाज करू लागली, असाच अर्थ ऐकणारा घेतो. आतील जाळीदार नळी उपटून टाकण्याला 'पुंगळी काढणे' असा सुटसुटीत मराठी प्रयोगही रूढ झाला आहे.

३

ध्वनिशास्त्रात स्वराची उपपत्ती दोन घटकांनी सांगतात : उगम आणि गाळणी. स्वरतंत्रींची स्पंदने हा उगम होय. त्यात मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट अशा अनेक वारंवारता असतात. घसा व मुख मिळून होणारी नळी ही गाळणी होय. ती काही वारंवारतांना उचलते, काहींना दाबते. प्रौढ पुरुषाची ही नळी सुमारे १७.५ सेंटीमीटर लांब, एका टोकाला बंद व दुसऱ्या टोकाला उघडी मानली, तर तिचे अनुनाद सुमारे ५००, १,५०० व २,५०० हर्ट्‌झवर येतात. जीभ व ओठ हलवून आपण हे अनुनाद सरकवतो, आणि त्यांतूनच 'आ', 'ई', 'ऊ' हे भिन्न स्वर होतात. उगम मात्र तोच राहतो.

मोटारसायकलीत निष्कास झडप उघडताच दाबाखालील तप्त वायू एकदम बाहेर पडतो. हा उगम होय. झडपेपासून शेपटापर्यंतची नळी ही गाळणी होय. वायू तप्त असल्याने तीत ध्वनीचा वेग अधिक असतो. वायूचे तापमान ४०० अंश सेल्सिअस धरले, तर तो सेकंदाला सुमारे ५२० मीटर येतो. १.३ मीटर लांबीच्या सरळ नळीचे अनुनाद त्या हिशेबाने १००, ३०० व ५०० हर्ट्‌झच्या आसपास पडतील; नळी निम्मी केल्यास ते दुप्पट होतील. वायू पुढे जाताना थंड होतो व नळी सर्वत्र सारखी नसते, म्हणून हे आकडे दिग्दर्शक समजावेत. परंतु बाजारात 'शॉर्ट बॉटल' म्हणून मिळणारा आखूड सायलेन्सर कर्कश का वाटतो व 'लाँग बॉटल' गंभीर का वाटतो, याचा एक भाग येथे उलगडतो.

इंजिनाच्या रचनेने उगम बदलतो. मद्रासेत १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या बुलेटचे जुने ३४६ घनसेंटीमीटरचे इंजिन ७० मिलिमीटर व्यासाचे व ९० मिलिमीटर धावेचे होते. लांब धाव, जड चक्र व संथ गती यांमुळे तिचे ठोके सुटे ऐकू येत. याउलट १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली यामाहा आरएक्स १०० ही दोन फेरी पद्धतीची. तीत प्रत्येक आवर्तनाला स्फोट होतो, म्हणून मिनिटाला ७,५०० आवर्तनांच्या गतीत तिचा मूळ नाद १२५ हर्ट्‌झ येतो. हीच पुरुषाच्या सामान्य बोलण्याची पट्टी होय. बुलेट ठोका देते, आरएक्स १०० गाते, हा फरक रसिकांच्या कल्पनेतील नसून मोजता येणारा आहे.

४

आता सायलेन्सरच्या अंतर्भागाकडे वळू. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात नळी एकाएकी रुंद पेटीत उघडते व पुन्हा अरुंद होते. रुंदी बदलते तेथे लहरी परावृत्त होतात व परस्परांना छेदतात. पेटीचा छेद नळीच्या दसपट असला, तर अनुकूल वारंवारतेवर सुमारे १४ डेसिबल घट मिळते; काही वारंवारतांवर मात्र काहीच मिळत नाही. म्हणून कारखान्यातील सायलेन्सरात निरनिराळ्या लांबीचे अनेक कप्पे असतात. दुसऱ्या प्रकारात छिद्रे पाडलेल्या नळीभोवती काचेची लोकर भरतात. वायू सरळ जातो, परंतु ध्वनीची ऊर्जा लोकरीत जिरते. हा प्रकार उच्च वारंवारता उत्तम शोषतो, नीच वारंवारता फारशा शोषत नाही. बाजारातील बहुतेक बदली सायलेन्सर या दुसऱ्या जातीचे असतात. त्यांच्या शेपटात बसणाऱ्या काढघाल करण्याजोग्या अरुंद नळीला कारागीर 'डीबी किलर' म्हणतात.

जुळवणीचा क्रमही सांगितला पाहिजे, कारण पुष्कळ कर्कशपणा सदोष जुळवणीतून येतो. बेंड पाइप, सायलेन्सर व त्याचा आधार हे तीनही प्रथम सैल बसवावेत. सिलिंडर हेडजवळ नवे गॅस्केट घालून तेथील नट आळीपाळीने, सारख्या दाबाने आवळावेत. मग सांध्याचा क्लॅम्प आणि शेवटी आधाराचा बोल्ट. क्रम उलटला की नळीवर ताण राहतो व सांधा सुटतो. गाडी संथ चालवून जाड फडक्याने शेपूट क्षणभर दाबल्यास सांध्यातून फुसफुस ऐकू येते किंवा नाही, ते कळते. गाडी एकदा तापून निवाली की नट पुन्हा तपासावेत. दिनांक १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत निष्कास मार्गात प्राणवायू-संवेदक व उत्प्रेरक असतात. ते काढल्यास आवाजाबरोबर विषारी वायूही वाढतात आणि इंधनाचे प्रमाण बिघडते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मोकळा सायलेन्सर बसविला, तर मिश्रण विरळ होऊन मेन जेट बदलावा लागतो. प्लगचा रंग तपकिरी आहे की पांढरट, यावरून कारागीर हे ओळखतो.

'फटाके' फोडणे ही निराळीच क्रिया होय. चालत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद केली की न जळलेले इंधन तप्त नळीत साचते व किल्ली पुन्हा सुरू होताच तेथे पेट घेते. सांधा गळका असल्यास बाहेरील हवा आत ओढली जाऊन हेच आपोआप घडते. हा गाडीचा स्वर नव्हे. त्याने सायलेन्सरातील लोकर व उत्प्रेरक दोन्ही उद्ध्वस्त होतात.

५

ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहता तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. डेसिबल हे लघुगणकी माप आहे. ३ डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दसपट. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की केवळ ६ डेसिबल कमी होतात. ७.५ मीटरवर ९५ डेसिबल देणारी गाडी १२० मीटरवरही सुमारे ७१ डेसिबल देईल. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या सभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती ५० व ४० आहे. या मर्यादा सरासरीच्या आहेत हे खरे, परंतु झोपलेला मनुष्य सरासरीने जागा होत नाही.

दुसरी गोष्ट आच्छादनाची. एक ध्वनी दुसऱ्याला झाकतो, आणि नीच ध्वनी उच्च ध्वनींना जितके झाकतो, तितके उच्च ध्वनी नीच ध्वनींना झाकत नाहीत. त्यातही मोकळ्या नळीचा कडकडाट सर्व पट्ट्यांत पसरलेला असतो. 'य' आणि 'ळ' यांतील भेद मुख्यतः १,००० ते २,५०० हर्ट्‌झमधील अनुनादांच्या सरकण्यावर ओळखला जातो. आमच्या ध्वनिमुद्रणात नेमका हाच पट्टा बुजला होता.

तिसरी गोष्ट मापनयंत्राची. कायद्यातील मोजणी 'ए' भाराने होते. तीत ५० हर्ट्‌झच्या ध्वनीतून सुमारे ३० व १०० हर्ट्‌झच्या ध्वनीतून सुमारे १९ डेसिबल वजा धरले जातात. १,००० हर्ट्‌झमधून काहीच वजा होत नाही. याचा अर्थ असा की, रसिकाला प्रिय असलेला गंभीर ठोका यंत्र फारसे मोजीत नाही. यंत्र मोजते ती वरची खरखर. हीच खरखर काचेची लोकर उत्तम शोषते, आणि हीच खरखर मनुष्याच्या व्यंजनांना बुडवते. तेव्हा रसिकाने जे सोडावयाचे, ते त्याला हवेच असते असे नाही. पुंगळी काढणारा मनुष्य गुण मिळवावयास जातो व केवळ मोठेपणा पदरात पाडून घेतो. अर्थात यंत्र सौम्य आहे म्हणून नीच ध्वनी निरुपद्रवी ठरत नाही. तो भिंतींतून आरपार जातो व तावदाने थरथरवतो. म्हणून ठोकाही मर्यादेतच हवा.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनास आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, ध्वनीच्या मानकाचा भंग केल्यास पहिल्या अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आणि तीन महिने परवान्यास अपात्रता अशी शिक्षा आहे. पुणे, नागपूर आदी शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्याचे कार्यक्रमही झाले. त्याने लोखंड चपटे होते; आवाजाविषयीची समज वाढत नाही.

६

येथे अभ्यासकांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. क्षेत्रकार्यात ध्वनिमुद्रणाच्या वेळी रस्त्याकडील बाजू सोडून आतील खोली निवडावी, आणि महत्त्वाचा शब्द त्याच बैठकीत पुन्हा म्हणवून घ्यावा. 'पुढच्या वेळी' हा शब्द संशोधकाने वापरू नये. दुसरे असे की, आपल्या वर्गांतील विद्यार्थ्यांपैकी काहींच्या गाड्यांना असे सायलेन्सर असतात. त्यांना उपदेश करण्यापेक्षा त्यांच्याच गाडीचा वर्णपट एकदा काढून दाखवावा. पुंगळी असताना व नसताना कोणता पट्टा वाढतो, आणि त्या पट्ट्यात मराठीची कोणती व्यंजने राहतात, हे त्यांनी स्वतः मोजावे. स्वर ही उगमाची देणगी असली तरी त्याला घडविते ती गाळणी. गाळणी काढून टाकली म्हणजे उरतो तो स्वर नसतो, नुसता स्फोट असतो.

रिसोडच्या त्या ध्वनिमुद्रणाची नोंद आम्ही विभागाच्या संग्रहात जशीच्या तशी ठेवली आहे. ओवीचा पाठ लिहिताना त्या शब्दाच्या दुसऱ्या जागी एक अक्षर रिकामे सोडले आहे.