गादीवरचा गुमास्ता, संगणकातला गुमास्ता

चिकपेटेत साडी घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक पहिल्या भावाला मान डोलावत नाही. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेल्या बंगळूरच्या पेठेत दोड्डपेट आणि चिकपेट, म्हणजे थोरली आणि धाकटी पेठ, एकमेकींना छेदतात. घासाघीस तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. गादीवरचा गुमास्ता मालकाच्या वतीने भाव सांगतो, गिऱ्हाइकाचा रागरंग पाहून उतरतोही. पण कुठपर्यंत उतरायचं, ते मालकाने आधीच बजावलेलं असतं.

संगणकशास्त्रातला ‘स्वायत्त एजंट’ हा असाच गुमास्ता. साध्या प्रोग्रॅमला एकेक पायरी नेमून द्यावी लागते. एजंटला काम सांगायचं. वाट तो शोधतो, अडलं तर दुसऱ्या एजंटशी बोलणी करतो.

घासाघिशीचा प्रयोग एमआयटीत १९९६ मध्येच झाला. अँथनी शावेझ आणि पॅटी मेस यांनी एजंटांचा एक बाजार उभारला आणि त्याला नावही बाजाराला शोभेल असं दिलं: ‘कसबा’. विकणाऱ्याने हवी ती किंमत, त्याखाली न जाण्याची मर्यादा आणि मुदत सांगायची. मग त्याचा एजंट घाईने, सबुरीने किंवा शेवटपर्यंत ताणून भाव उतरवत जाई.

आज हे खऱ्या धंद्यात आलं आहे. वॉलमार्टने २०२१ मध्ये कॅनडातल्या ८९ पुरवठादारांशी वाटाघाटी सॉफ्टवेअरवर सोपवल्या. ६४ टक्क्यांशी सौदे जुळले.

उलटही घडतं. २०२५ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने आपल्या कचेरीतलं छोटं दुकान महिनाभर क्लॉड या एजंटच्या हवाली केलं. त्याने मागेल त्याला सवलती वाटल्या, धातूचे ठोकळे तोट्यात विकले. पंधरा डॉलरच्या शीतपेयाला एकाने शंभर डॉलर देऊ केले, तर ‘लक्षात ठेवतो’ म्हणून सोडून दिलं! दुकान अर्थातच तोट्यात गेलं.

म्हणूनच मुखत्यारी किती द्यायची, हा प्रश्न कळीचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये बंगळूरच्याच रेझरपे या पेमेंट कंपनीने नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन आणि ओपनएआयसोबत एक चाचणी जाहीर केली: चॅटजीपीटीशी बोलता बोलता बिगबास्केटवरून किराणा मागवायचा, पैसे यूपीआयने चुकते व्हायचे. ग्राहक ठरावीक रक्कम आधीच राखून ठेवतो. एजंटची धाव तेवढ्यापुरतीच.

किराण्याच्या पुड्यावर किंमत छापलेली असते. चिकपेटेत मात्र पदर उलगडला जातो, जर बोटांनी चाचपली जाते, साडी उजेडात धरली जाते. मग गुमास्ता कॅल्क्युलेटरवर आकडा टिपून तो गिऱ्हाइकापुढे सरकवतो, आणि गिऱ्हाईक उठल्यासारखं करतं.