शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुलाने लंडन पाहू नये काय?

आपल्या समाजातला मुलगा परदेशी शिष्यवृत्तीवर लंडनला निघाला की वस्तीत बॅनर लागतो, विहारात सत्कार होतो. दोन महिन्यांनी तोच मुलगा टेम्स नदीच्या पुलावर उभा राहून काढलेला फोटो पाठवतो आणि कुजबुज सुरू होते, "शिकायला गेला की फिरायला?" बाहेरचे असे बोलले तर नवल नाही. "आमच्या करातून" हे त्यांचे पालुपद जुनेच आहे. परंतु आपले कार्यकर्तेही हेच बोलतात आणि वर बाबासाहेबांचे भाजलेले पापड व कपभर दूध त्या पोराच्या तोंडावर मारतात.

बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी अभ्यास केला, हे खरेच आहे. खिशात पैसा नव्हता म्हणून ते अर्धपोटी राहिले. त्या हलाखीचे आपण व्रत करून टाकले आहे. त्याच बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे की, अमेरिका आणि युरोपातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. १९१७ साली बडोद्याला उतरताच ती परत आली, कारण राहायला जागा कोण देणार हा प्रश्न समोर उभा राहिला. ही जाणीव केवळ ग्रंथालयात बसून पुसली जात नाही. बसमध्ये कोणाच्याही शेजारी बसण्यात, उपाहारगृहात शिरण्यात, बागेत पाय पसरून बसण्यात ती पुसली जाते. (आता आडनाव विचारणारे तिथेही भेटतात, आणि ते गोरे नसतात, ही गोष्ट वेगळी.)

बांधवांनो, सहलीला जाणे ही आपल्यासाठी कधीच साधी बाब नव्हती. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी स्थळे पाहायला जाण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा बाबासाहेब स्वतः त्यांच्याबरोबर निघाले. तीसेक माणसे होती. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात हौदावर हातपाय धुतले म्हणून हौद बाटवल्याची ओरड झाली. अखेर किल्ला पाहायला मिळाला तो बंदूकधारी शिपाई सोबत देऊन, आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून! ज्यांच्या आजोबा-पणजोबांना आपल्याच मुलखातला किल्ला पहाऱ्यात पाहावा लागला, त्यांच्या नातवाने लंडन मोकळेपणी पाहिले तर कोणाचे काय बिघडते?

आणि तो पाहतो तरी किती! माझ्याकडे शिष्यवृत्तीचे कागद घेऊन येणारी मुले पुढे फोनवर सांगतात त्यावरून तिथला आठवडा कळतो. रविवारी भात आणि डाळ शिजवून डबे भरायचे, ते बुधवारपर्यंत पुरवायचे. सामाईक स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली की आगीचा भोंगा वाजतो. हप्ता लांबला तरी खोलीचे भाडे लांबत नाही, आणि विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपलीकडे काम करता येत नाही. मग पायी चालणे आले. पायी चालणाऱ्याला शहर दिसतेच.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. तिथून जेमतेम पंधरा मिनिटे चालले की ग्रेज इन येते, जिथे ते बॅरिस्टर झाले. चॉक फार्म स्टेशनवर उतरले की किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर जवळच. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. शेजाऱ्यांच्या हरकतींनंतर स्थानिक कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली, ती २०२० साली अपिलात मिळाली. वकिली शिकणाऱ्या मुलाने तर तो निकाल मुळातून वाचावा.

ब्रिटिश म्युझियमच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. तिथल्या वाचनालयात बाबासाहेब दिवस-दिवस बसत. त्याच इमारतीत काचेच्या भिंतीआड आंध्रातल्या अमरावती स्तूपाच्या शिळा लावलेल्या आहेत. त्यांतली एक दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. जुन्या बाजूला बोधिवृक्षाखाली रिकामे आसन आणि भोवती उपासक आहेत, बुद्धाची मूर्ती नाही. काही शतकांनी शिळा उलटवून दुसऱ्या बाजूला अख्खा स्तूप कोरला गेला. विहारात लहानपणापासून वंदना म्हणणारी मुलगी त्या शिळेसमोर उभी राहते तेव्हा तिला जे कळते, ते बाजूने फोटो काढत जाणाऱ्या प्रवाशाला कळणार नाही. यावर संशोधन का करू नये, असे तिला साहजिकच वाटेल.

इथे खरी मेख आहे. अनुसूचित जातींसह वंचित समाजघटकांच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची जी राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिच्या २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळण्यात आले. हे विषय देशातच शिकता येतात, असे कारण देण्यात आले. म्हणजे अमरावतीची शिळा तिने पाहावी, पण त्या शिष्यवृत्तीवर तिचा अभ्यास करू नये. जातीवर प्रबंध लिहायचा तर तोही तिथे नको. पुलावरच्या फोटोवर तावातावाने बोलणाऱ्या आपल्या किती मंडळांनी या कलमाविरुद्ध निवेदन दिले, हे पुढच्या बैठकीत विचारणार आहे.