यादीत न आलेल्या तबकड्या

वर्ष सरत आले की संगीतरसिकांच्या जगात याद्यांचा हंगाम सुरू होतो. वर्षभरात ऐकलेल्या अल्बमपैकी उत्तम दहा कोणते, पहिला क्रमांक कोणाचा, कोणाला उगाच डोक्यावर घेतले गेले, यावर वाद झडतात. वरवर पाहता हा हौशी मंडळींचा खेळ. परंतु गॅरेज आणि पंक या रॉक संगीताच्या दोन शाखांपुरते पाहिले तर या खेळाला वेगळेच मोल आहे. या शाखांमधले बहुतेक वादक प्रसिद्ध नसतात, त्यांच्यामागे मोठ्या कंपनीचे पाठबळ नसते आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका थोड्याच प्रती निघून बाजारातून नाहीशा होतात. कोणा रसिकाने त्यांचे नाव आपल्या यादीत लिहून ठेवले तरच त्या टिकतात. मुंबईशी संबंधित अशाच दोन तबकड्यांची कहाणी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

मराठी माणसाला गॅरेज म्हटले की मोटारदुरुस्तीचे दुकान आठवते. येथे मात्र अभिप्रेत आहे ती अमेरिकन घराला जोडून असलेली गाडी ठेवण्याची खोली. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत पोहोचले आणि शाळा-कॉलेजातल्या हजारो मुलांनी गिटारी हाती घेतल्या. सरावाला जागा कुठली? तर गाडी बाहेर काढायची आणि त्या खोलीत ड्रम मांडायचे. तीन-चार सूर-समूह, कर्कश गिटार, ओरडून गायलेले शब्द आणि अडीच-तीन मिनिटांत संपणारे गाणे, असा या संगीताचा घाट होता. गॅरेज रॉक हे नाव त्याला नंतर चिकटले.

या प्रकाराचा आदिग्रंथ म्हणता येईल असे गाणे त्याआधीचे, १९६३ चे आहे. पोर्टलंडच्या किंग्जमेन या बँडने 'लुई लुई' हे गाणे सुमारे पन्नास डॉलर खर्चून ध्वनिमुद्रित केले. गायकाचे उच्चार इतके अस्पष्ट होते की, त्यात अश्लील मजकूर असल्याच्या तक्रारी झाल्या. अमेरिकेच्या एफबीआयने या गाण्याची दीर्घकाळ चौकशी केली आणि शब्द कळतच नाहीत, या निष्कर्षाप्रत ती आली. ध्वनिमुद्रणातला जो दोष होता, तोच गाण्याची ओळख बनला.

ही मुले पुढे नोकरी-व्यवसायाला लागली आणि त्यांची गाणी विस्मरणात गेली. १९७२ मध्ये लेनी के नावाच्या तरुण समीक्षकाने त्यातली सत्तावीस गाणी निवडून 'नगेट्स' हा दुहेरी संग्रह तयार केला. एका अर्थाने ती एका रसिकाची आवडीची यादीच होती. पंक रॉक हा शब्द त्याने या गॅरेज बँडसाठी वापरला. रामोन्स आणि सेक्स पिस्टल्स यांचा उदय व्हायला तेव्हा अवकाश होता. १९७६ मध्ये रामोन्सचा पहिला अल्बम आला. चौदा गाणी, एकूण अवधी अर्ध्या तासाच्या आत. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बझकॉक्स या बँडने सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन आपली चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. कंपनीच्या दारात उभे राहण्याची गरज नाही, हा धडा त्यातून अनेकांनी घेतला.

म्हणूनच गॅरेज आणि पंक अल्बमची यादी करणारा रसिक सफाईला गुण देत नाही. वाजवणाऱ्यांना हे गाणे वाजवल्यावाचून राहवले नसावे असे वाटते का, हा त्याचा पहिला प्रश्न. चार माणसे एका खोलीत एकमेकांकडे पाहत वाजवत आहेत असा भास होतो का, हा दुसरा. आणि हाती असलेल्या तुटपुंज्या साधनांतून त्यांनी स्वतःचे असे काही काढले का, हा तिसरा. या तीन कसोट्या लावून भारताकडे पाहिले तर १९७० आणि १९७१ ही वर्षे नजरेत भरतात.

त्या काळात आयात निर्बंधांमुळे परदेशी गिटार किंवा अ‍ॅम्प्लिफायर मिळणे दुरापास्त होते. जुनी वाद्ये दुरुस्त करून, ध्वनिवर्धक घरगुती पद्धतीने बनवून घेऊन मुंबई, कोलकाता, मद्रास, बंगळूर येथील तरुण इंग्रजी गाणी वाजवत. अशा बँडना एकत्र आणले ते एका सिगारेटने. आज आयटीसी नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंबाखू कंपनीने आपल्या सिमला या सिगारेटच्या प्रसारासाठी 'सिमला बीट' ही अखिल भारतीय स्पर्धा भरवली. मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात ती रंगत असे. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतील बँडच्या गाण्यांची एकेक लाँग प्ले तबकडी निघाली. सिगारेटच्या जाहिरातीवर आणि प्रायोजकत्वावर २००३ च्या कायद्याने बंदी आली. भारतीय गॅरेज संगीताचा हा दस्तऐवज मात्र त्याच प्रायोजकत्वाचे अपत्य आहे.

या तबकड्या आज ऐकताना वरच्या तीनही कसोट्यांचे उत्तर मिळते. मद्रासच्या द कन्फ्युजन्सचे 'व्हॉइस फ्रॉम द इनर सोल' हे त्यांचे स्वतःचे गाणे. त्यातल्या गिटारीची खरखर आणि गाण्यातली बेचैनी बनावट वाटत नाही. कोलकात्याच्या ग्रेट बेअरचे 'मिस्ट' संथ आणि धूसर आहे. शिलाँगच्या द फेन्टोन्सने प्रायोजकाची धूनही तितक्याच मनःपूर्वक वाजवली आहे. काही बँडनी अमेरिकन गाणी जशीच्या तशी उचलली, हेही खरे. गाणाऱ्यांचे इंग्रजी उच्चार ओढूनताणून अमेरिकन झालेले आहेत आणि ध्वनिमुद्रण पातळ आहे. तरीही पहिल्यांदाच स्टुडिओत शिरलेल्या मुलांची धडधड त्यात ऐकू येते.

या पिढीतले मराठी माणसाला सर्वांत जवळचे नाव नंदू भेंडे यांचे. रंगभूमीवरील आत्माराम आणि आशा भेंडे या दाम्पत्याचा हा मुलगा मुंबईच्या वेल्व्हेट फॉग या बँडमध्ये गात होता. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याने ज्यूडास साकारला. जीझसच्या भूमिकेत अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्याच बँडचा गायक मधुकर धस होता. पुढे १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'मधून भेंडे यांचा रॉकचा आवाज मराठी नाट्यगृहात पोहोचला. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग हे संगीत विस्मरणात का गेले? एक कारण व्यापाराचे. कंपनीला विकायची होती सिगारेट, गाणी नव्हेत. स्पर्धा थांबली तशी बँडची गरजही संपली. दुसरे कारण काळाचे. लंडन-न्यूयॉर्कमध्ये पंक उसळत होता, पण येथे त्यानंतर आली ती डिस्कोची लाट. बंगळूरच्या ट्रोजन्स या बीट बँडमधून पुढे आलेला बिड्डूच १९८० मध्ये 'कुर्बानी'तल्या 'आप जैसा कोई'चा संगीतकार ठरला, हा योगायोग बोलका आहे. तिसरे कारण भाषेचे. इंग्रजी शाळांतून आलेल्या मोजक्या तरुणांचे हे संगीत होते. ज्यांच्यापाशी संतापाला खरे कारण होते, त्यांच्यापर्यंत ते पोहोचलेच नाही.

महाराष्ट्रातला तो संताप दुसऱ्या वाटेने प्रकटला. साठच्या दशकात मराठी लघुअनियतकालिके सायक्लोस्टाइलवर निघत होती. प्रस्थापित प्रकाशकाची वाट न पाहता स्वतःच छापायचे, हा बाणा पंकच्या दशकभर आधीचा. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली आणि नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' आला. या दोन जगांच्या मधोमध उभा होता तो कवी अरुण कोलटकर. १९७३ च्या सुमारास त्यांनी स्वतः रचलेली काही इंग्रजी गाणी ध्वनिमुद्रित केली; त्यांची तबकडी मात्र निघाली नाही. मराठीतला शब्द आणि गॅरेजमधली गिटार त्या वेळी एकत्र आली असती तर, हा प्रश्न रसिकाला चुटपुट लावून जातो.

सिमला बीटच्या तबकड्यांना पुन्हा उजेड दाखवला तो परदेशी संग्राहकांनी. जर्मनीतील एका छोट्या कंपनीने त्या नव्याने प्रकाशित केल्या. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचे संगीत २०११ मध्ये अमेरिकेतून पुन्हा बाजारात आले. त्यानंतर २०१४ मध्ये सिद्धार्थ भाटिया यांनी 'इंडिया सायकेडेलिक' या पुस्तकात या पिढीचा इतिहास मांडला. घरच्यांनी ज्याची नोंद ठेवली नाही ते परक्यांच्या वहीत सापडले.

मराठी मुलखाला अशी परक्याची वही नवी नाही. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांची मराठी अभंगवाणी वारकऱ्यांच्या कंठात राहिली. हिंदीतली एकसष्ट पदे मात्र शेकडो मैल दूर पंजाबात गुरू ग्रंथसाहिबात जपली गेली. भक्तीची पदे आणि कॉलेजकुमारांची गाणी यांची तुलना होऊ शकत नाही, आणि ती करण्याचे कारणही नाही. टिकण्याचा नियम मात्र दोन्हीकडे एकच दिसतो. रचना कितीही सच्ची असो, कोणीतरी ती ऐकून, निवडून, उतरवून घ्यावी लागते.

आज ध्वनिमुद्रणाला पन्नास डॉलरही लागत नाहीत. मुंबईच्या द लाइटइयर्स एक्सप्लोडसारख्या बँडने 'द रिव्हेंज ऑफ कालीचरण' हा अल्बम २०१३ मध्ये काढला, तोही गॅरेज-पंकच्या वाटेवरचाच. मोबाइलवर गाणे नोंदवून तासाभरात जगापुढे ठेवण्याची सोय मुंबईच्या मुलांइतकीच हिंगोली, कळमनुरी किंवा वसमतच्या मुलांनाही आहे. अडचण आता गाणे काढण्याची उरलेली नाही. लाखो गाण्यांच्या गर्दीत ते हरवण्याची आहे. यंत्राने सुचवलेली गाणी ऐकून वर्ष सरते आणि डिसेंबरात परदेशी नियतकालिकांच्या याद्याच आपल्या याद्या होतात. १९७१ च्या डिसेंबरात एखाद्या मुंबईकर रसिकाने आपल्या आवडत्या दहा तबकड्यांत सिमला बीट लिहिली असती, तर कदाचित ती जर्मनीहून परत मागवावी लागली नसती. यंदाच्या यादीत नववे-दहावे स्थान तरी शेजारच्या खोलीत वाजणाऱ्या, अजून सुरात न आलेल्या गिटारीसाठी राखून ठेवावे, ते यासाठीच.