रानातील अळंबी व घरच्या शेवया

पावसाळ्यात कन्नड, सोयगाव भागातील डोंगरउतारांवर वारुळांलगत अळंबी उगवते. वाळवी वारुळाच्या पोटात जी बुरशी जोपासते, तिचेच हे फळ होय. म्हणूनच तिचा देठ मुळासारखा निमुळता होत खोल वारुळापर्यंत जातो. देठावर कडे किंवा बुडाशी वाटीसारखे आवरण दिसल्यास ती छत्री विषारी समजून टाकून द्यावी. गौताळा अभयारण्याच्या हद्दीतून मात्र काहीच गोळा करू नये.

शिजताना लसूण वा चांदीचे नाणे काळे पडले तरच अळंबी विषारी, हा समज निराधार आहे. किड्यांनी खाल्लेली छत्रीही माणसाचा जीव घेऊ शकते. सर्वांत घातक जातींचे विष उकळूनही जात नाही. उलट्या-जुलाब सहा-बारा तासांनी सुरू होतात, मध्यंतरी बरे वाटते आणि तोवर यकृत निकामी होऊ लागते. शंका येताच उरलेली अळंबी सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. ओळखणारे जाणते माणूस जवळ नसेल तर काडावर वाढविलेली धिंगरी वापरावी. चवीत फारसे उणे नाही.

दोन वाट्या अळंबी धुऊन फाडून घ्यावी. तेलात जिरे, लसूण, हिरवी मिरची व कांदा परतून ती घालावी आणि सुटलेले पाणी आटेपर्यंत शिजवावी. गव्हाच्या वाटीभर शेवया भाजून, मिठाच्या उकळत्या पाण्यात मऊ होताच निथळून त्यात मिसळाव्यात. इटलीतील लोक रानअळंबी पास्त्यात घालतात, तो प्रकार याहून फार वेगळा नाही. पहिल्या वेळी थोडेच खावे.